पहिली भाकर अख्खी

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी आमच्या यजमानांची बदली बिलोलीहून लातूरला झाली. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांना कारकून, आणि कारकुनांना राहायला जागा नाही, अशी तेव्हाची गत होती. चौकाचौकांत ट्रंका आणि गाद्या घेऊन माणसं खोल्या शोधत फिरायची. आम्हाला भुसार बाजाराच्या मागं पाच खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातल्या दोन खोल्या मिळाल्या. माणसं पाच. आम्ही दोघं, सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि कॉलेजात शिकणारे दोन दीर. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माहेर नायगावचं, घरी शेती, त्यामुळं धान्य विकत आणतात हेच मला नवं होतं.

शेजारच्या खोलीत शिवकांता अक्का राहायच्या. त्यांचं नि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती, पण ती वरच्या पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती. हातभर फट होती. त्या फटीतून एकमेकींच्या फोडणीचा वास यायचा आणि भांडं पडलं तर कोणाचं पडलं हे ओळखू यायचं.

त्यांची माझी ओळख झाली कलिंगडाच्या सालींवरून. कलिंगड खाऊन झाल्यावर साली घेऊन मी दारातल्या गाईपुढं टाकायला निघाले होते. अक्का त्यांच्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. ठेंगणा बांधा, कपाळभर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची करडी, म्हणजे डबी, आणि अंगावर धुऊन धुऊन फिकट झालेलं इरकल लुगडं.

"थांब पोरी," त्या म्हणाल्या. "हिरवं तिचं. पांढरं माझं."

मला कळेना. त्यांनी उठून माझ्या हातातलं ताट घेतलं, विळीवर बसून सालींचा हिरवा भाग सोलला, तो गाईपुढं टाकला आणि पांढरा गर आत घेऊन गेल्या. संध्याकाळी फटीवरून एक वाटी खाली आली. चण्याची डाळ घालून केलेली भाजी होती. धाकट्या दिरांनी भाकरीशी खाल्ली आणि विचारलं, "वहिनी, दुधी कुठं मिळाला?"

आत्याबाईंना मात्र ते आवडलं नाही. आमच्या दारातला कचरा शेजारणीनं उचलून न्यावा आणि शिजवून परत आमच्याच ताटात वाढावा, हा त्यांना अपमान वाटला. "कवडीचुंबक बाई हाय," असं त्या म्हणाल्या, आणि त्या फटीमुळं अक्कांनी ते नक्की ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला हाक मारून शेंगांच्या चटणीचा गोळा दिला आणि म्हणाल्या, "सासूला दे. जेवताना त्यांना तिखट लागतं, न्हाई का? वास येतो मला."

अक्कांचे यजमान बाजारात मापाडी होते. दिवसभर पोती तोलायची, संध्याकाळी येऊन हातपाय धुऊन गुमान बसायचं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तोंडात शब्द नाही. दोन मुली, एक मुलगा शिवराज, आणि अण्णांची म्हातारी आई, अशी सहा माणसं एका मापाड्याच्या कमाईवर त्या घरात जेवायची, आणि त्या घरातून कोणी उपाशी उठलेलं मी कधी पाहिलं नाही. उलट बाहेरगावचं कोणी आलं तरी जेवूनच जायचं.

हे कसं होतं, ते मी हळूहळू पाहत गेले. अक्का कोणाला बसवून शिकवायच्या नाहीत. पण त्यांच्या शेजारी पाट मांडून बसलं की शिकायला मिळायचं.

डाळ त्या सकाळी उठल्याबरोबर भिजत घालायच्या. पूजा होईपर्यंत ती फुगायची. मग स्टोव्हवर एक चांगला कढ आणून भांडं खाली उतरवायचं, दोन गोणपाटांत घट्ट गुंडाळायचं आणि लाकडी पेटीत ठेवून वर उशी दाबायची. दोन तासांनी उघडलं की डाळ शिजलेली. रॉकेलसाठी तेव्हा रांगा लागायच्या. अक्का मात्र रांगेत क्वचितच दिसायच्या.

ती डाळही अख्खी नसायची. लातुरात डाळीच्या गिरण्या पुष्कळ. तिथं चाळणीत तुकडा डाळ निघते, ती स्वस्त मिळायची. "शिजल्यावर कोण वळखतंय ती मोडकी होती का साबूत होती?" असं त्या म्हणायच्या. त्या डाळीचं घट्ट वरण सकाळी. निथळून ठेवलेल्या पाण्याला संध्याकाळी येसर लावायचं. येसर म्हणजे ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाला भाजून केलेलं पीठ. अक्का ते वर्षाचं करून ठेवायच्या. एक चमचा टाकला की पातळ पाण्याची दाट आमटी व्हायची, आणि वास असा सुटायचा की ओळीतल्या पाचही खोल्यांना भूक लागायची.

तेल कधीही डब्यातून ओतायचं नाही, पळीनंच घ्यायचं. कोथिंबिरीची पानं वरून घालायला, दांडे वाटणात. ताक घुसळल्यावर भांडं विसळलेलं पाणी पिठात. शिळी भाकरी कधी ताकात कुस्करून, कधी लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन, कधी वाळवून कुटून. आणि जेवण झाल्यावर ताटात घोटभर पाणी घालून, ते बोटानं फिरवून पिऊन टाकायचं. ते मात्र काटकसरीचं नव्हतं. ताटातलं अन्न प्रसाद असतं, ते धुऊन मोरीत टाकायचं नसतं, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या मुली बाहेर कोणाकडं जेवायला गेल्या की हे करायला लाजायच्या. अक्का कुठंही करायच्या.

पण या सगळ्याहून जास्त मला आश्चर्य वाटायचं त्यांच्या वाढण्याचं. पहिली भाकर नेहमी अख्खी, तव्यावरून थेट ताटात, वाफ निघत असलेली. दुसरी अर्धी. मग चतकोर. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माणूस पहिल्या भाकरीला बघतो. तिला बघून त्याचा जीव शांत होतो. तिथंच चतकोर वाढलीस तर दहा वाढल्या तरी तो उपाशीच उठंल."

ताटात त्या नेहमी काही आंबट आणि काही कुरकुरीत ठेवायच्या. चिंचेचं घोटभर सार, कारळाची चटणी, भाजलेला पापड, कच्चा कांदा. या गोष्टींना खर्च येत नाही पण जेवण भरल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. पोट भरलं की त्या कानडीत "साकू" म्हणायच्या. साकू म्हणजे पुरे. त्यांचं माहेर देगलूरच्या पलीकडं, त्यामुळं अधूनमधून असे शब्द यायचे.

त्या बाजाराला निघाल्या की मी मागं जायची. निघण्यापूर्वी त्या घरी भाकरीचा तुकडा खायच्याच. "रिकाम्या पोटानं बाजारात गेलं की डोळे खरेदी करतात." पहिली चक्कर पिशवी काखेत दाबून, काही न घेता. कोणाकडं काय आलंय, कोणाचा माल कोमेजायला लागलाय, हे बघत. दुसऱ्या चकरेत घ्यायचं. वाकडी वांगी, बारके कांदे, फुटलेली काकडी. "वांगं काय नवरदेव हाय का सरळ बघायला?" त्या म्हणायच्या. दुकानदारांशी त्या अशी घासाघीस करायच्या की मी लांब जाऊन उभी राहायची. त्यांच्याच समाजाचा एक दुकानदार होता. त्याला त्या भर दुकानात म्हणायच्या, "आपलं माणूस म्हणून जास्त घ्यायलास का? तसं असंल तर मला परकी समज." तो बिचारा हसून गूळ चारायचा.

पण रस्त्याच्या कडेला चार जुड्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांशी त्यांनी कधी भाव केला नाही. मागतील ते द्यायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, हिनं जास्त सांगितले." त्या म्हणाल्या, "सांगू दे. तिलाबी घरी जाऊन कायतरी शिजवायचं हाय."

अशा या बाईची एक फजितीही मला सांगितली पाहिजे, नाहीतर त्या देवीच वाटतील. एकदा त्यांनी दोडके आणले. शिजल्यावर ते कडू निघाले. अण्णांनी घास तोंडात घेतला आणि उठून बाहेर थुंकले. मुलींनी ताटं सरकवली. अक्कांनी सगळ्यांना चटणी-भाकरी वाढली आणि ती कढईभर भाजी एकटीनं, गूळ तोंडी लावत, हट्टानं खाऊन टाकली. दुपारपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. अण्णा, ज्यांचा आवाज मी महिन्यात दोनदा ऐकला असेल, ते घाबरून आमच्या दारात आले. रिक्षानं दवाखान्यात नेलं, सलाईन लावावं लागलं. दोन दिवसांनी घरी आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला म्हणाल्या, "मूर्खपणा केला बग मी. भाजी वाचवायला गेले आणि जीव घालवला असता. कडू दोडका असतो ना, तो गाईलाबी घालू न्हाई. फेकून द्यावा." पुढं किती तरी दिवस त्या दोडका चिरताना आधी चकती जिभेला लावून बघायच्या आणि मला बजावायच्या, "लक्षात ठेव, फेकायचंबी शिकावं लागतं."

मग आमच्यावर वेळ आली.

बदली होऊन आलेल्या माणसाचा पगार आधीच्या ठिकाणच्या दाखल्यावर निघतो. तो येईपर्यंत काही महिने तात्पुरता पगार मिळाला, मग तोही थांबला. यजमानांचा तो दाखला दोन कचेऱ्यांच्या मध्ये कुठंतरी अडकला. पहिल्या महिन्यात वाटलं, येईल. दुसऱ्या महिन्यात ते स्वतः बिलोलीला जाऊन आले. पाठवला आहे, असं तिथं सांगितलं. आला नाही, असं इथं सांगितलं. तिसरा महिना लागला. घरात हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आत्याबाईंचं मन हळवं, तब्येत तोळामासा. त्यांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. दिरांना सांगितलं तर ते शिक्षण सोडतील ही भीती. मग मी अक्कांकडून जे जे पाहिलं होतं ते सगळं चालू केलं. तुकडा डाळ आणली. येसर केलं. पहिली भाकर अख्खी वाढायला लागले. घरात कोणालाच काही कळलं नाही. मला मनातून त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

त्यात अधिक महिना आला. एका सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "शैला, लेकीला नि जावयाला धोंड्याचं वाण द्यायचंय. मी पत्र टाकलंय. ती दोघं, त्यांची लेकरं आणि विहीणबाईपण येतील. बारा माणसं धर. पुरणाचे धोंडे कर. या वर्षी तू बरकतीनं चालवतीस घर, मला लई बरं वाटतं."

मी हो म्हटलं आणि आत जाऊन पिठाचा डबा उघडला. चार दिवस पुरेल एवढंच पीठ होतं.

दुपारी मी अक्कांकडं गेले. त्या सांडगे घालत होत्या. मी म्हटलं, "अक्का, बारा माणसांचे धोंडे कमी सामानात कसे करायचे ते सांगा." आणि मग बाकीचंही सांगून टाकलं. पगार, दाखला, सगळं.

त्यांनी पिठाचा हात पुसला. "सासूला ठाव हाय?"

"नाही."

"दिरास्नी?"

"नाही. कोणालाच कळलं नाही, अक्का. तुमच्यासारखंच करत गेले."

मला वाटलं त्या शाबासकी देतील. त्यांनी माझ्यापुढं पाट सरकवला. मग म्हणाल्या, "बस. तुला एक सांगते."

बहात्तरच्या दुष्काळात त्या सासरी खेड्यात होत्या. उदगीरच्या बाजूला. घरात अकरा माणसं. अण्णा आणि दोन दीर खडी फोडायला जायचे, अक्काही जायच्या, आणि परत आल्यावर चुलीपुढं बसायच्या. रेशनवर मिलो नावाची परदेशी ज्वारी मिळायची, लाल, कडवट, भाकरी थापली की चिरा पडायच्या. अक्का त्यात चिंचोक्याचं पीठ घालायच्या, तरवट्याचा पाला घालायच्या. घरात एक कणगी होती, तिच्यात आदल्या वर्षीची थोडी ज्वारी. त्या रोज त्यातली एकच ओंजळ काढायच्या आणि मिलोत मिसळायच्या, म्हणजे भाकरीला जरा पांढरेपणा यायचा.

"सासरे माझे लई मानी. ताठ माणूस," अक्का म्हणाल्या. "त्यांच्या ताटात मी कधी कमी दिसू दिलं न्हाई. त्यांना वाटलं, कणगी भरलेली हाय. मीबी सांगितलं न्हाई. म्हातारपणी कशाला घोर लावायचा, असं वाटलं. लई हुशार समजत होते मी स्वतःला."

मग एक दिवस शेजारच्या गावातलं एक नात्यातलं कुटुंब, सात माणसं, त्यांच्या दारात आलं. सासऱ्यांनी त्यांना ठेवून घेतलं. "आपल्याकडं हाय," असं चार माणसांत सांगितलं. एवढंच नाही, तर मागच्या आळीतल्या एका विधवेलाही कणगीतून दोन पायल्या ज्वारी न्यायला सांगितलं. ती टोपलं घेऊन आली.

"मी काय करणार? तिला न्हाई म्हणाले असते तर सासऱ्यांचा शब्द गेला असता. दिली. आणि त्या सात जणांनाबी जेवू घातलं. पाच दिवस. सहाव्या दिवशी सासऱ्यांना म्हणाले, मामा, जरा कणगीत हात घाला. त्यांनी हात घातला. त्यांचा हात खाली जात राहिला, जात राहिला, आणि बुडाच्या शेणाच्या लेपाला लागला."

मी विचारलं, "मग?"

"तिथंच कणगीला टेकून बसले. दोन दिवस त्यांनी अन्नाला शिवलं न्हाई. मला म्हणाले, पोरी, तू मला पाच दिवस आधी सांगितलं असतंस तर मी त्यांना माझ्या वाटणीचं दिलं असतं. तू मला आंधळा करून दान करायला लावलंस." अक्कांनी सांडग्याचं ताट उन्हात सरकवलं. "तिसऱ्या दिवशी सगळ्या घराला बसवून त्यांनी सांगितलं, काय हाय आणि काय न्हाई. मग ते स्वतः खडीवर गेले. सत्तरीचा माणूस. माझ्या दिराची बायको, जिला कधी तांब्या उचलायला नको, ती रानातून घोळ-कुरडूची भाजी आणायला लागली. आम्ही निभावलो. पण मी एकटीनं नव्हतं निभावलं. आणि ते दोन दिवस, त्यांचे उपाशी, ते माझ्याकडून झाले."

मग त्या म्हणाल्या, "पुरवून वाढायचं, ते भूक झाकायला. घर झाकायला न्हाई. जा, सासूला सांग. धोंडे आपण करू."

मी घरी आले. आत्याबाई वाती वळत होत्या. मी त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. तीन महिने काय काय कसं शिजवलं तेही. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा आडव्या पडतील. त्यांनी वातींचं तबक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे परवाची ती गोड आमटी, ती तुकड्याची होती?"

"हो."

"चांगली झाली होती," त्या म्हणाल्या. "मला का सांगितलं न्हाईस? मी काय पाहुणी हाय का या घरात?"

त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि शेजारी गेल्या. इथं राहायला आल्यापासून पहिल्यांदा. मी मागं उभी होते. अक्का चूल सारवत होत्या. आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "शिवकांताबाई, मी तुम्हाला कवडीचुंबक म्हणाले होते."

"ऐकलं होतं," अक्का म्हणाल्या. "बसा की."

"बसायला न्हाई आले. जातं हाय का तुमच्याकडं? गिरणीचे पैसे वाचतील. मला दळता येतं."

पुढचे आठ दिवस पहाटे त्या जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. तोळामासा तब्येतीच्या आत्याबाई! दिरांनाही कळलं. त्यांनी कॉलेज सोडलं नाही, पण थोरल्यानं दोन शिकवण्या धरल्या आणि धाकटा बाजारातून पिशव्या आणायला लागला. यजमानांच्या चेहऱ्यावरचा ताण मी त्याआधी नीट पाहिलाच नव्हता. तो उतरला तेव्हा कळलं, किती होता.

धोंड्याचं जेवण झालं. पुरणात अक्कांनी निम्मा लाल भोपळा शिजवून घातला होता. भोपळ्याची मूळचीच गोडी, म्हणून गूळही कमी लागला. बाहेरची पारी ज्वारी-गव्हाच्या मिश्र पिठाची. वर तूप मोजकंच, पण वाढताना गरम, म्हणजे ते पसरायचं. सोबत आमसुलाचं सार, कोशिंबीर, कुरडई. चार अख्खे धोंडे जावयांच्या ताटात आणि वाणाचं ताट ठरल्याप्रमाणं. विहीणबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि विचारलं, "पुरणाला हा रंग कशाचा?" आत्याबाई म्हणाल्या, "लातूरकडची पद्धत हाय." अक्का त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून धोंडे तळत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दाखला पाचव्या महिन्यात आला. सगळा पगार एकदम मिळाला. मी अक्कांना साडी घ्यायची म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला. "इरकल हाय माझ्याकडं. फाटलं की सांगते." फारच आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "एक किलो साखर आण. आणि दूध." त्या संध्याकाळी त्यांनी मोठ्या पातेल्यात चहा केला. आलं ठेचून, निव्वळ दुधाचा. पाच खोल्यांतल्या सगळ्यांना बोलावलं आणि काठोकाठ भरलेले कप दिले. अण्णा दोन कप प्याले. अक्कांनी स्वतःसाठीही पूर्ण कप घेतला, उंबऱ्यावर बसून सावकाश प्याल्या आणि म्हणाल्या, "साकू."

तीन वर्षांनी आमची बदली नांदेडला झाली आणि आम्ही तिथंच राहिलो. आत्याबाई गेल्या तेव्हा अक्का लातूरहून आल्या होत्या. आत्याबाईंनी पुढं स्वतःचं जातं घेतलं होतं, त्याची खुंटी अक्कांनी मागून नेली. पुढं शिवराज नांदेडला प्राध्यापक झाला, अण्णा वारले, आणि अक्काही मुलाकडं आल्या. मी अधूनमधून भेटायला जायची. त्यांच्या सुनेचं घर मोठं, गॅस, फ्रीज, सगळं. अक्का तिथं काही बोलायच्या नाहीत. सून चांगली होती. एकदा ती मला म्हणाली, "आई कधी नावं ठेवत नाहीत हो. पण मी काही टाकून दिलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जातात." मी अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "तिचं घर हाय. तिच्यावर वेळ आली तर ती शिकंल. न आली तर बरंच."

त्यांना शेवटचं पाहिलं ते शिवराजच्या मुलीच्या लग्नात. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. लग्न अर्धापूरच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या कार्यालयात होतं. जेवण उभ्यानं घ्यायचं, वीसेक पदार्थ, कितीतरी टेबलं. अक्का ऐंशीच्या पुढं होत्या. नवं रेशमी इरकल नेसून खुर्चीवर बसल्या होत्या आणि नात येऊन पाया पडली तेव्हा तिची हनुवटी धरून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात दुष्काळामुळं मुखेड, देगलूरकडची बरीच माणसं शहराच्या कडेला पालं टाकून राहिली होती. कार्यालयाकडं येताना ती दिसली होती. दुपारी जेवणं अर्ध्यावर आली असताना अक्का जागेवर नव्हत्या. मी शोधत मागच्या बाजूला गेले. तिथं आचाऱ्याची माणसं झाकलेली पातेली एका टेम्पोत चढवत होती. भात, वरण, पोळ्यांच्या टोपल्या. उष्टं नव्हे, टेबलावर न गेलेलं, ताजं. अक्कांनी आदल्या दिवशीच आचाऱ्याशी बोलून हे ठरवलं होतं. पालांवर माणसं किती हेही कोणाकडून तरी विचारून घेतलं होतं. शिवराज बाजूला उभा होता. "आई, तुम्ही कशाला जाता? माणसं नेतील ना," तो म्हणत होता.

"त्यांना वाढता येतं का?" अक्कांनी विचारलं.

त्यानं हात धरून त्यांना ड्रायव्हरशेजारी चढवलं. वरणाचं लहान पातेलं मागं सांडेल म्हणून अक्कांनी ते मांडीवर घेतलं. रेशमी लुगड्यावर आधी एक गोणपाट पसरला, त्यावर पातेलं, आणि दोन्ही हातांनी ते धरलं. त्यांनी मला पाहिलं. "येतीस का?" म्हणाल्या. पण पुढं जागा नव्हती, आणि मागं पातेलीच होती. मी म्हटलं, "तुम्ही या जाऊन. मी आहे इथं."

"हळू ने रे," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "वरण सांडलं की तुला बोलणार हाय मी."

टेम्पो फाटकातून बाहेर पडला. रस्त्यावर ऊन होतं, वाहनं होती. तो इतका हळू चालला होता की मागं गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले. तेव्हा पुढच्या खिडकीतून अक्कांचा एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांवाचूनचा, वाळलेला, आणि घाई असलेल्यांनी पुढं जावं म्हणून सावकाश हलायला लागला.